४२.३४ मीटरवरचा आवाज: २२ वर्षांच्या उषा मेहतांनी मुंबईत गुप्त रेडिओ कसा चालवला?

महाशिवरात्रीला हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला पाय ठेवायला जागा नसते. दर्शनाच्या रांगेपाशी उभा असलेला पोलीस खांद्यावरचा वॉकीटॉकी तोंडाजवळ नेतो, बाजूचं बटण दाबतो, दोन शब्द बोलतो आणि बटण सोडतो. लगेच खरखरत पलीकडून उत्तर येतं. बघणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

पण बटण दाबल्यापासून आवाज बाहेर पडेपर्यंतच्या काही मिलिसेकंदांत त्या डबीत दोन कामं उरकलेली असतात. एक, डबीने आपली फ्रिक्वेन्सी बदललेली असते. दोन, तिचं एरियल ऐकणाऱ्या भागाकडून काढून बोलणाऱ्या भागाला जोडलेलं असतं.

१९४२ साली मुंबईत एका मुलीला या दोन्ही गोष्टींची फार गरज होती, फ्रिक्वेन्सीची आणि एरियलची. तेव्हा ही कामं करणारी चिप नव्हती. त्यामुळे तिला आणि तिच्या साथीदारांना अख्खं रेडिओ स्टेशन उचलून एका घरातून दुसऱ्या घरात न्यावं लागायचं, तेही पोलिसांचा डोळा चुकवून. त्यात पकडली गेल्यावर तिला चार वर्षांची शिक्षा झाली.

ती मुलगी म्हणजे उषा मेहता.

न्यायाधीशाची मुलगी

उषा मेहतांचा जन्म २५ मार्च १९२० चा. गुजरातमधल्या सुरतजवळचं सरस हे त्यांचं गाव. वडील इंग्रजांच्या नोकरीत न्यायाधीश होते. म्हणजे घरात सरकारचा पगार येत होता आणि पोरीच्या डोक्यात मात्र गांधी होते. त्या लहान असतानाच गांधीजींचं शिबिर गावाजवळ भरलं होतं. तिथे जाऊन त्यांनी सूत कातलं. १९२८ मध्ये सायमन कमिशनच्या विरोधात निघालेल्या मोर्चात त्या होत्या तेव्हा वय होतं ८.

वडिलांना हे पटणं शक्य नव्हतं. पण १९३० मध्ये ते निवृत्त झाले आणि पोरीच्या पायातली ती बेडी सुटली. १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. उषा मोठी होत गेली तशी गुप्त पत्रकं वाटणं, तुरुंगातल्या लोकांचे निरोप पोचवणं ही कामंही वाढली. खादी अंगावर आली ती कायमची. लग्न करायचं नाही हेही त्यांनी ठरवून टाकलं. चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजमधून १९३९ मध्ये त्या तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आणि पुढे कायद्याचा अभ्यास सुरू केला.

मग ऑगस्ट १९४२ उजाडला. ८ तारखेला गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला आणि ९ च्या पहाटे गांधी, नेहरू, पटेल, सगळे उचलले गेले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. देशात कुठे काय चाललंय हे शेजारच्या जिल्ह्यालाही कळेना. आज इंटरनेट बंद झाल्यावर जी घुसमट होते, तशीच काहीशी अवस्था होती. फरक एवढाच की तेव्हा बंद करण्यासारखं होतंच मुळात थोडं.

उषा आणि त्यांच्या मित्रांच्या डोक्यात आलं की आपला रेडिओ पाहिजे.

पैसा, माणसं आणि एक तंत्रज्ञ

मंडळी चारपाचच होती. विठ्ठलदास खाकर, ज्यांना सगळे बाबुभाई म्हणत. चंद्रकांत झवेरी. विठ्ठलभाई झवेरी, ज्यांनी पुढे १९६८ मध्ये महात्मा गांधींच्या जीवनावर प्रसिद्ध माहितीपट केला. आणि उषा. पैसे नव्हते. एका नातेवाईक बाईंनी अंगावरचे दागिने देऊ केले, पण ते घ्यायला कुणाचं मन होईना. शेवटी बाबुभाईंनी जमवाजमव केली. काँग्रेसच्या सभांना लाऊडस्पीकर पुरवणाऱ्या शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवाने यांच्यावरही पुढे या कामात मदत केल्याचा आरोप ठेवला गेला.

राहिला प्रश्न यंत्र बनवणाऱ्याचा. तो माणूस होता नरिमन प्रिंटर.

प्रिंटर हौशी रेडिओवाले होते, म्हणजे आजच्या भाषेत हॅम. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने सगळ्या हौशी रेडिओवाल्यांना आपली प्रक्षेपण यंत्रं पोलिसांकडे जमा करायला सांगितली होती. म्हणजे ट्रान्समीटर जवळ बाळगणं हाच गुन्हा. बाजारात तयार यंत्र मिळणं शक्य नव्हतं, सुटे भाग गोळा करून ते जोडायचं होतं. ते प्रिंटरनी केलं. त्यांच्याशिवाय हा रेडिओ सुरूच झाला नसता. ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण पुढे त्यांचं नाव वेगळ्याच कारणासाठी घेतलं जातं.

२७ ऑगस्ट १९४२ ला चौपाटीवरच्या सी व्ह्यू इमारतीतून काँग्रेस रेडिओ बोलू लागला. सुरुवातीला हिंदुस्तान हमारा, शेवटी वंदे मातरम. आपण ४२.३४ मीटरवरून, भारतात कुठून तरी बोलतोय एवढीच ओळख दिली जायची. ती ओळख हवेत सोडणारा आवाज उषा मेहतांचा होता.

४२.३४ मीटर म्हणजे नेमकं काय?

रेडिओची लाट एका सेकंदात किती वेळा वरखाली होते ती तिची फ्रिक्वेन्सी. आणि एका लाटेची लांबी किती, ती तरंगलांबी. एक कळली की दुसरी काढता येते. ४२.३४ मीटर लांबीची लाट म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ, सेकंदाला ७० लाखांहून जास्त हेलकावे.

या पट्ट्याची गंमत अशी की संध्याकाळनंतर त्याच्या लाटा वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटर लांब जाऊन उतरतात. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होतं. मुंबईपासून सरळ रेषेत साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. एवढं अंतर ही लाट रात्री सहज कापू शकते. मध्ये संस्थानाची हद्द आली म्हणून ती थांबत नाही. इंग्रजांना या प्रकाराची धास्ती वाटायचं कारण हेच.

पण या लांबीची एक अडचणही आहे. लाट नीट बाहेर फेकायची तर एरियल तिच्या लांबीच्या हिशोबात लागतं. अर्धी लाट धरली तरी २१ मीटर तार होते, म्हणजे सात मजली इमारतीच्या उंचीएवढी. औंढ्याच्या पोलिसाचा सेट दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास चालत असेल तर त्याची अख्खी लाटच दोन मीटरची. तिचा पाव भाग घ्यायचा, तो स्प्रिंगसारखा गुंडाळायचा, वर रबर चढवायचं, की वीतभर काडीत एरियल बसतं. चौपाटीवरच्या एखाद्या गच्चीत २१ मीटर तार लपवणं मात्र सोपं नाही. कपडे वाळत घालायची दोरीही एवढी लांब नसते.

स्टेशन बदलता येत नाही, मग घर बदला

आता आजचा सेट फ्रिक्वेन्सी कशी बदलतो ते बघू. त्याशिवाय उषा मेहतांची अडचण कळणार नाही.

फ्रिक्वेन्सी पक्की ठेवायचा जुना उपाय म्हणजे क्वार्ट्झचा क्रिस्टल. या खड्याची पातळ चकती कापून तिला वीज दिली की ती ठरावीक वेगाने थरथरते आणि तो वेग फारसा हलत नाही. भरवशाची, पण हट्टी. चकती ज्या मापाने कापली तोच सूर देणार. दुसरा चॅनल हवा तर दुसरा क्रिस्टल आणा. जुन्या वायरलेस सेटमध्ये जितके चॅनल तितके क्रिस्टल असायचे. दुसरा उपाय म्हणजे कॉइल आणि कंडेन्सर. त्यात सूर फिरवता येतो, पण सेट गरम झाला की तो आपोआप घसरतो.

फ्रिक्वेन्सी सिंथेसायझरने या दोघांची सांगड घातली. भजनाआधी पखवाज कसा लावतात ते आठवा. पेटीवर सूर धरलेला असतो. वादक थाप मारतो, कान लावतो, सूर उतरलाय असं वाटलं की हातोडीने ठोकून चढवतो, पुन्हा थाप, पुन्हा ऐकणं, जुळेपर्यंत. सिंथेसायझर हेच करतो, फक्त न थांबता. पेटीच्या जागी एक क्रिस्टल. पखवाजाच्या जागी असा ऑसिलेटर ज्याचा सूर व्होल्टेज वाढवलं की चढतो आणि कमी केलं की उतरतो. कानाच्या जागी दोन्ही सूर ताडून बघणारं सर्किट. फरक दिसला की ते व्होल्टेज बदलतं.

आणि एक जादा खुबी: ताडून बघण्याआधी ऑसिलेटरच्या सुराला एका आकड्याने भागलं जातं. समजा क्रिस्टलवरून मिळालेला सूर १२.५ किलोहर्ट्झ आहे आणि भागायचा आकडा १२,०००. मग ऑसिलेटर १५० मेगाहर्ट्झवर आल्याशिवाय दोन्ही जुळणारच नाहीत. आकडा १२,००१ केला की तो आपसूक १५०.०१२५ वर सरकतो. म्हणजे चॅनल बदलणं म्हणजे फक्त एक आकडा बदलणं. क्रिस्टल एकच, चॅनल शेकडो. सूर जुळवत राहण्याची ही मूळ कल्पना फ्रान्सच्या आंरी द बेलसीझ यांनी १९३२ मध्ये मांडली होती. पण ती खिशात मावायला चिपचा जमाना यावा लागला.

काँग्रेस रेडिओकडे यातलं काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर असतं तरी फार उपयोग झाला नसता. लष्करी रेडिओ फ्रिक्वेन्सी बदलत पळू शकतो, कारण त्याच्या ऐकणाऱ्यालाही पुढचा आकडा ठाऊक असतो. काँग्रेस रेडिओचा ऐकणारा म्हणजे कुठल्या तरी गावात काटा फिरवत बसलेला माणूस. त्याला ४२.३४ एवढंच माहीत. ते बदललं तर तो हरवला. म्हणून जागा लपवायची आणि फ्रिक्वेन्सी मात्र रोज ओरडून सांगायची, असा हा उलटा कारभार होता.

साहजिकच ती पोलिसांनाही माहीत होती. त्यांची माणसं रोज बसून ही प्रक्षेपणं उतरवून घेत. ती कागदपत्रं सरकारी दप्तरात राहिली आणि रेडिओवर काय काय बोललं गेलं हे आज त्यावरूनच कळतं. प्रक्षेपणात अडथळा आणायचेही प्रयत्न झाले. शिवाय लाट कुठून येतेय हे शोधता येतं. तारेचं गोल वेटोळं करून केलेलं एरियल फिरवत राहिलं की एका दिशेला आवाज अगदी क्षीण होतो, त्यावरून स्टेशनची रेघ कळते. दोन ठिकाणांहून दोन रेघा काढल्या की जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे स्टेशन.

यावर उपाय एकच होता, सतत हलत राहणं. सी व्ह्यूनंतर लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, मग सँडहर्स्ट रोडवरचं लक्ष्मी भुवन, गिरगावातली पारेख वाडी, महालक्ष्मीच्या देवळाजवळचा पॅराडाइज बंगला. प्रत्येक वेळी खोट्या नावाने जागा घ्यायची, सामान न्यायचं, एरियल पुन्हा चढवायचं, यंत्र पुन्हा लावायचं आणि शेजाऱ्यांना संशय येऊ द्यायचा नाही. पुढे त्यांनी रेकॉर्डिंगची जागा आणि प्रक्षेपणाची जागाही वेगळी केली.

ज्या बातम्या कुठेच नव्हत्या

एवढा आटापिटा करून सांगायचं काय? राम मनोहर लोहिया आणि अहमदनगरचे अच्युत पटवर्धन असे भूमिगत नेते मजकुराच्या मागे उभे राहिले होते. इंग्रजी आणि हिंदुस्तानीत बातम्या, भाषणं, सूचना. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातल्या घडामोडी काँग्रेस रेडिओने लोकांपर्यंत नेल्या.

आणि चिमूर-आष्टी. ऑगस्ट १९४२ मध्ये आताच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला लोकांनी उठाव केला. गोळीबार झाला, माणसं मेली, सरकारी अधिकारी आणि पोलीसही मारले गेले. त्यानंतर चिमूरमध्ये घुसलेल्या फौजेने बायकांवर अत्याचार केले. वर्तमानपत्रांना मोकळेपणी लिहायची सोय नव्हती. त्या दोन गावांत काय झालं याचा तपशील गिरगाव-चौपाटीतल्या एका खोलीतून हवेत गेला. गुप्त रेडिओ म्हटलं की लोकांना त्यातला थरारच आठवतो. पण जी माणसं मेली त्यांची बातमी कुणीतरी दिली, हे त्याहून मोठं काम होतं.

तीन दरवाजे

१२ नोव्हेंबर १९४२. पोलिसांनी अखेर जागा शोधली, आणि ती वेटोळ्याच्या एरियलने नव्हे. नरिमन प्रिंटर त्यांच्या हाती लागले होते आणि पत्ता त्यांच्याकडून मिळाला. त्यांच्यावर काय दबाव होता हे घरी बसून ठरवणं सोपं नाही. उषा मेहतांच्या लेखी मात्र हा विश्वासघातच होता.

त्या दिवशी बाबुभाईंच्या ऑफिसवर छापा पडला तेव्हा उषा तिथेच होत्या. त्या तिथून निसटल्या. घरी जाऊन लपता आलं असतं. त्या थेट प्रक्षेपणाच्या जागी गेल्या, कारण संध्याकाळचा कार्यक्रम व्हायचा होता. सोबत चंद्रकांत झवेरी होते. कार्यक्रम सुरू झाला. वंदे मातरमची तबकडी फिरत असताना पोलीस तीन दरवाजे फोडून आत आले. तबकडी थांबवायचा हुकूम झाला. दोघांनी ती थांबवली नाही.

जेमतेम अडीच महिने चाललेला रेडिओ त्या रात्री बंद पडला.

न बोलण्याची चार वर्षं

पुढचे सहा महिने चौकशी चालली. उषाला एकटीला कोठडीत ठेवलं. आमिषं दाखवली, परदेशात शिकायला पाठवतो असंही सांगून झालं. जिचा आवाज बंद करायला सरकारने एवढी यंत्रणा लावली होती, तिने बोलावं म्हणून आता तेच सरकार धडपडत होतं. कोर्टात त्यांनी आधी न्यायाधीशांना विचारून घेतलं की प्रश्नांना उत्तर देणं बंधनकारक आहे का. नाही, असं कळल्यावर एकाही प्रश्नाचं उत्तर देणार नाही असं त्यांनी सांगून टाकलं.

१९४३ मध्ये निकाल लागला. बाबुभाई खाकर यांना पाच वर्षं, उषा मेहतांना चार, चंद्रकांत झवेरींना एक. विठ्ठलभाई झवेरी आणि नानक मोटवाने सुटले. उषांची रवानगी पुण्याच्या येरवडा तुरुंगात झाली. तिथे तब्येत ढासळली, उपचारासाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणावं लागलं. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं, गृहमंत्री मोरारजी देसाईंच्या आदेशाने त्यांची सुटका झाली.

१५ ऑगस्ट १९४७ ला त्या आजारी होत्या. दिल्लीतल्या सोहळ्याला जाता आलं नाही.

त्यानंतर त्यांनी निवडणूक लढवली नाही, मंत्रिपद मागितलं नाही. अर्धवट राहिलेलं शिक्षण पुन्हा हाती घेतलं, गांधींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठातून पीएचडी केली आणि शिकवू लागल्या, तेही विल्सन कॉलेजात. पुढे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९८० मध्ये निवृत्त. लॅबर्नम रोडवर, जिथल्या एका घरात कधीकाळी त्यांचं चोरटं स्टेशन होतं, तिथल्याच मणिभवन या गांधी संग्रहालयाचं काम त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. नकाशावर बघितलं तर कॉलेज, चौपाटी, स्टेशनं, संग्रहालय आणि ऑगस्ट क्रांती मैदान, सगळं दक्षिण मुंबईच्या एवढ्याशा तुकड्यात बसतं.

१९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. २०२४ मध्ये सारा अली खानचा ऐ वतन मेरे वतन हा सिनेमा आला तेव्हा अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

मग त्या बटणाचं काय?

एक गोष्ट सांगायची राहिली, एरियल बदलण्याची. काँग्रेस रेडिओ फक्त बोलायचा, पलीकडच्याचं ऐकायचा नाही, त्यामुळे त्याला ही अडचण नव्हती. वॉकीटॉकीला दोन्ही करायचं असतं, तेही एकाच काडीतून. त्याचा ऐकणारा भाग इतका नाजूक असतो की व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाएवढा संकेतही त्याला कळतो. बोलणारा भाग त्याच्या मानाने राक्षस, चारपाच वॉटचा. ही ताकद चुकून ऐकणाऱ्या भागात शिरली तर तो जळेल.

जुन्या सेटमध्ये मध्ये रिले असायचा, बटण दाबलं की टक् असा आवाज यायचा. आता तिथे पिन डायोड असतात. त्यांच्यातून करंट सोडला की एक डायोड बोलणाऱ्या भागाची वाट एरियलपर्यंत मोकळी करतो. दुसरा ऐकणाऱ्या भागाचं तोंड जमिनीला जोडतो, आणि त्याच्या अलीकडे पाव लाटेएवढी लाइन ठेवलेली असल्यामुळे एरियलकडून बघताना ती वाट बंद दिसते. बटण सोडलं की करंट थांबतो आणि दार पुन्हा ऐकणाऱ्याकडे उघडतं. यात क्रमही पाळावा लागतो. आधी सिंथेसायझरने नव्या आकड्यावर सूर जुळवायचा, मग एरियल वळवायचं, आणि सगळ्यात शेवटी ताकद सोडायची. क्रम चुकला तर भलत्याच फ्रिक्वेन्सीवर ओरडणं होतं.

आणि ७.०८ मेगाहर्ट्झ? तो आकडा आज भारतातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या ७.० ते ७.२ या पट्ट्यात येतो. परवाना असेल तर त्यावर कुणीही उघडपणे, आपलं ठिकाण सांगून बोलू शकतं.

९ ऑगस्ट २००० ला ऑगस्ट क्रांती मैदानावर नेहमीप्रमाणे कार्यक्रम होता. उषा मेहतांच्या अंगात ताप होता, तरी त्या गेल्या. घरी परतल्या त्या थकूनच. ११ ऑगस्टला वयाच्या ८० व्या वर्षी त्या गेल्या.